दोन प्रती

महाल, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२४

श्रीमती गोपिकाबाई यांस,

आपली ओळख नाही. आडनाव माहीत नाही म्हणून नुसतं नाव घालून लिहिते आहे. पत्ता पुस्तकावरच्या शिक्क्यावरून घेतला.

माझे यजमान श्री. विश्वनाथ साल्पेकर दहा जानेवारीला पहाटे गेले. त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचं कपाट आवरताना जुन्या बनियनांच्या घडीखाली तीन पुस्तकं सापडली. तिन्हींवर तुमच्या चर्चच्या वाचनकपाटाचा शिक्का आहे आणि आतल्या चिठ्ठीवर ‘दिले – गोपिका’ अशी सही. एक प्रार्थनांचं, एक संतचरित्रांचं. तिसरं अर्धंच वाचलेलं दिसतं, मध्ये कोराडीच्या बसचं तिकीट आहे.

आमचं घर कुळाचार पाळणारं. यजमान कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जात, एवढंच घरात ठाऊक. ही पुस्तकं त्यांच्याकडे कशी आली ते कळवावं. तसंच त्यांनी तुमच्याकडे काही कागदपत्र ठेवायला दिलं होतं का, तेही स्पष्ट लिहावं. पुस्तकं परत पाठवण्याची व्यवस्था करीन.

यमुना विश्वनाथ साल्पेकर


कोराडी रस्ता
२१ फेब्रुवारी

यमुताईले गोपिकाचा नमस्कार.

विश्वनाथभाऊ तुमचं नाव घेत, म्हणून ताई लिहिते. राग धरू नका.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्यावर काय आलं ते मले समजते. भाऊ लय चांगले होते. त्यायले पुस्तकाचा शौक होता, अन् आमच्या कपाटात मराठी पुस्तकं मोप हायेत, म्हणून ते बुधवारी अन् रविवारी येत. वाचत, बसत, जात. तेवढंच. तुम्ही मनात काही आणू नका.

कागदपत्र माह्यापाशी काही नाही.

पुस्तकायची घाई नाही, राहू द्या तुमच्याजवळ. फोन करू नका, मले कानानं कमी ऐकू येते. काही विचाराचं असन तर लिहूनच विचारा.

गोपिका


महाल
२ मार्च

गोपिकाबाई,

तुम्ही खरं लिहिलेलं नाही.

एकेचाळीस वर्षं मी त्या माणसाबरोबर राहिले. गेली तीन वर्षं दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ते चाळीस दिवस चहा सोडायचे. विचारलं तर म्हणत, पित्त वाढतं. बुधवारी आणि रविवारी निघताना पाण्याशिवाय काही घेत नसत. जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे, चित्राहुती घालायचे, आणि त्यानंतर क्षणभर त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं श्लोक म्हणतात. आता त्यांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत एक जपमाळ सापडली आहे. तिच्या टोकाला क्रूस आहे.

फिरायला जाणारा माणूस बसचा पास काढत नाही. नुसतं पुस्तक वाचणारा माणूस ते बनियनाखाली लपवत नाही.

त्यांनी धर्म बदलला होता का? एका शब्दात लिहा.

यमुना साल्पेकर


कोराडी रस्ता
१४ मार्च

यमुताई,

हो.

बाकीचं एका शब्दात होत नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुमाले ठाऊक नसन अन् माह्या हातानं तुमचं घर मोडन, हे भेव वाटलं.

सहा वर्सं झाली. मे महिना होता. भाऊ कोराडीहून परत येऊन राहिले होते अन् बस आमच्या फाटकापाशी बंद पडली. पाणी प्याले आत आले. कपाट उघडं होतं. उभ्याउभ्या एक पुस्तक काढलं, तर दुसरी बस येऊन गेली, तिसरी गेली, हे वाचतच राहिले. मी म्हटलं, घरी न्या. नाव लिहून घेतलं. पुढच्या बुधवारी परत आले.

त्या कपाटाची चाबी माह्यापाशी असते, पण मी काही शिकलेली बाई नाही. काटोलकडच्या खेड्यातली, कुणब्याची पोर. नवऱ्यानं टाकल्यावर सिस्टर लोकायच्या दवाखान्यात झाडपुस कराले लागली. कबरस्तान बी मीच झाडत होती. तिथंच अक्षरं शिकली, दगडावरच्या नावायवर बोट फिरवून. ‘जन्म’ अन् ‘मृत्यू’ हे दोन शब्द मले सगळ्यात आधी वाचता आले. बत्तिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. आता सव्वीस वर्सं होतात. गावी गेली का माहा भाऊ अजून ओसरीवर ताट वाढते. भाची अपेक्षाच्या लग्नात मी मांडवाबाहेर जेवली. अन् इथं चर्चातल्या जुन्या घरच्या बाया अजून म्हणतात, ‘ती नवीन बाई’. हे मी विश्वनाथभाऊले सांगितलं तर ते हासले. म्हणे, “गोपिकाबाई, माझी तर दोन्हीकडे हजेरी आणि दोन्हीकडे गैरहजेरी.”

मिस्साची प्रार्थना झाली का आम्ही सातआठ जण मागच्या बाकावर बसत होतो. कोळशाच्या ट्रकवरचा ताराचंद ड्रायवर, एक भाजीवाली, गाणारी मिनल, असेच. भाऊ वाचून दाखवत. मले ऐकू येत नाही म्हणून माह्याकडं तोंड करून मोठ्यानं वाचत, पार फाटकापर्यंत आवाज जाये. गोष्टीत मधातच थांबत अन् विचारत, “आता या माणसाने काय करावं?” कोणी चूक बोललं तरी हासत नव्हते. वहीत लिहून घेत.

चार वर्सं नुसते वाचत होते. मग फादरजवळ स्वतःच बोलले. दोन हजार बावीसच्या ईस्टरनंतरच्या रविवारी पाणी घेतलं. नाव योसेफ, मरियेच्या नवऱ्याचं. फादरनं विचारलं, हेच काहून? तर म्हणे, “एवढ्या मोठ्या शास्त्रात या माणसाच्या तोंडी एक वाक्य नाही. मला जमेल.”

आता जे लिहाचं ते. कागद होता, ताई. मागच्या दिवाळीनंतर त्यायनं मले दिला. कचेरीतल्यासारखं गोल अक्षर, खाली कार्बन लावून काढलेली दुसरी प्रत. ‘मी मेल्यावर मला जाळू नये. कोराडी रस्त्यावरच्या चर्चच्या कबरस्तानात पुरावं.’ सही, तारीख, घरचा पत्ता. म्हणे, मूळ प्रत घरी ठेवतो, पण तोंडानं सांगणं माझ्याच्यानं होत नाही. वेळ आली तर ही फादरना द्या आणि तुम्हीही घरी जा.

त्या दिवशी बुधवार होता. सकाळचं वाचन त्यायच्यावर होतं, अन् ते आले नाही. मिनलनं त्यायच्या मोबाईलवर फोन लावला. तिकडून कोणी म्हटलं, बाबा गेले. फादर अमरावतीले गेले होते. मी कागद घेतला अन् बस धरून महालात आली. तुमच्या दारात पोचली तवा तिरडी बांधून राहिले होते. एक पोरगा पुढं आला, तुमचा पुष्करच असन. म्हणे, “काय पाहिजे बाई?” कागद माह्या ब्लाउजात होता. मी म्हटलं, साहेबाच्या कचेरीत पाणी भरत होती. तो म्हणे, “दर्शन झालं ना? आता सरका, गर्दी होते.”

मी सरकली.

एवढंच केलं मी. घाटापर्यंत मागं मागं गेली, बाहेर रस्त्यावर उभी राहिली. आता जाते अन् सांगते, आता जाते अन् सांगते, असं करता करता धूर दिसला.

तवापासून मी कम्युनियन, मिस्सातला भाकरीचा प्रसाद, घेत नाही. रांग पुढं जाते, मी बाकावर बसून राहते. फादरनं विचारलं, मी सांगितलं नाही. त्यायले वाटते माहे गुडघे दुखतात.

मूळ प्रत तुमाले सापडलीच नसन. सापडली असती तर तुम्ही त्यायचं ऐकलं असतं, हे मले ठाऊक हाय. तुमाले कोणी सांगितलंच नाही. सांगणारी मी होती. माफी मागाले तोंड नाही, तरी मागते.

गोपिका


महाल
१५ एप्रिल

गोपिकाबाई,

मी कै. विश्वनाथ साल्पेकर यांचा मुलगा पुष्कर. तुमचं १४ मार्चचं पत्र माझ्या हाती आलं. आईने ते देवघरातल्या वस्त्राखाली ठेवलं होतं.

माझे वडील शेवटची काही वर्षं मनाने ठीक नव्हते. अशा म्हाताऱ्या माणसाला गाठून तुम्ही लोकांनी जे केलं, त्याबद्दल मी काय करू शकतो याची तुम्हाला कल्पना असेल. मी ते करणार नाही, कारण मला घराचं नाव पेपरमध्ये नको आहे. मी मिहानमध्ये नोकरी करतो, तिथे चार लोक मला ओळखतात.

आईला यातलं काहीही माहीत नव्हतं. तुमच्या पत्राने तिला एवढा धक्का बसला आहे की ती धड जेवत नाही, बोलत नाही. यापुढे तिला एक अक्षरही लिहायचं नाही. तुमच्याकडे जो कागद आहे म्हणता तो फाडून टाका. पुस्तकं मी रद्दीत दिली आहेत.

त्या दिवशी तुम्हाला दारातून सरकवलं ते योग्यच झालं.

पुष्कर साल्पेकर


महाल
३ ऑगस्ट

गोपिकाबाई,

हे पत्र खालच्या मजल्यावरचे मधुकरराव टपालात टाकतील. ते एकटेच असतात आणि चौकशा करत नाहीत. उत्तर द्यायचं असेल तर त्यांच्या नावाने द्या, पत्ता पाकिटामागे लिहिला आहे.

पुष्करने तुमचं पत्र माझ्यासमोर गॅसवर धरून जाळलं. सहा आठवडे तो माझ्याशी बोलला नाही, मग एक दिवस ऑफिसातून येताना माझ्यासाठी आंबे घेऊन आला. त्याने तुम्हाला काय लिहिलं ते मला त्यानेच वाचून दाखवलं होतं. आईला काही माहीत नव्हतं, असं त्याला खरोखर वाटतं. मी तसंच वाटू दिलं.

तुम्ही लिहिलं होतं, मूळ प्रत तुम्हाला सापडलीच नसेल.

सापडली होती. त्याच दिवशी सकाळी.

साडेपाच वाजता ते पलंगावर बसून बूट घालत होते. एक पाय घातला आणि दुसरा हातात धरूनच ते कलंडले. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा संपलं होतं. गल्लीतले डॉक्टर येऊन गेले. पुष्कर म्हणाला, घाटावर आधार कार्ड लागेल, काढून ठेव. म्हणून मी त्यांची फाईल उघडली. सगळ्यात वर पाकीट. त्यावर लिहिलेलं, ‘यमूस. लगेच वाचावे.’

आत तोच मजकूर होता, तुमच्याकडे आहे तो. खाली माझ्यासाठी दोन ओळी जास्त. ‘तुला विचारण्याचं धैर्य झालं नाही. तिकडच्या माणसांना कल्पना दिलेली आहे, ती मदत करतील.’

मी उभ्याने दोनदा वाचलं. बाहेर माणसं जमत होती. पुष्कर सामान आणायला गेला होता. हाक मारली असती तर तो आला असता. चिडला असता, ओरडला असता, पण बापाची सही बघून कदाचित थांबलाही असता. मला माहीत नाही. मी हाक मारली नाही. त्यांना अंघोळ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळलं, बायका दर्शनाला आल्या, तेव्हा मी सगळ्यात शेवटी पुढे झाले. तो कागद चौघडी करून कापडाच्या आत छातीवर सरकवला आणि वर तुळशीपत्र ठेवलं. माझ्या नणंदेला वाटलं मी मंगळसूत्राचा मणी ठेवला. ती रडली.

तो कागद त्यांच्याबरोबर जळला.

आणि दारातली बाई मी पाहिली होती. हिरव्या काठाचं पातळ, एक हात छातीशी गच्च धरलेला, जसं काही आत दुखतं आहे. मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं, पण ‘तिकडच्या माणसांना कल्पना दिलेली आहे’ हे वाचून मला तासही झाला नव्हता. मी ओळखलं. पुष्करला जवळ बोलावून म्हटलं, “त्या बाईला जायला सांग, गर्दी वाढते आहे.”

तुम्ही सरकला नाहीत. मी सरकवलं. तेव्हा उगाच बाकावर बसून राहू नका, उठून रांगेत जा.

अस्थी पुष्करने रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या. तुमच्या लोकांनी मागितल्या तर द्यायला काही उरलेलं नाही.

का केलं असं तुम्ही विचाराल. मला राग आला होता. घरी हा माणूस इतकं हळू बोलायचा की मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागायची. वर्तमानपत्र उघडलं की तास तास तोंड दिसायचं नाही. त्याने आपलं मरण कोणाला तरी सांगितलं, आणि ते मला नाही. मग मार्चमध्ये तुमचं पत्र आलं, की तो तुमच्या बाकावर बसून फाटकापर्यंत ऐकू जाईल असं वाचायचा. तेव्हा मला पुन्हा तेवढाच राग आला. माझ्यासाठी त्याने आयुष्यात एक पान मोठ्याने वाचलेलं नाही.

फेब्रुवारीत मी काही ठाऊक नसल्यासारखं विचारलं, ते तुमच्याकडे काय आहे हे कळावं म्हणून. क्षमा मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तुम्ही ज्या गोष्टीसाठी स्वतःला शिक्षा करता आहात, ती तुमची नाही, एवढंच कळवायचं होतं.

यमुना


कोराडी रस्ता
५ नोव्हेंबर

यमुताई,

तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण मी तुमच्यावर रागावली होती. अजून बी हाय. लपवत नाही.

तुमचं पत्र आलं तवा मी वेदीवरची कापडं धुवून राहिली होती. वाचून झाल्यावर ती कापडं तशीच बादलीत सोडली अन् कबरस्तानात जाऊन बसली. मनात एकच येत होतं. सात महिने मी उपाशी राहिली, अन् हे तुमाले मार्चपासून ठाऊक होतं.

मग फादरले सगळं सांगितलं. ते म्हणाले, “जळाला म्हणून काही अडत नाही, गोपिकाबाई. देवाला राखही उचलता येते. चर्चसुद्धा आता जाळायला नाही म्हणत नाही.” म्हटलं, फादर, देवाचं अडत नसन. पण त्या माणसानं जन्मात एकच गोष्ट मागितली होती अन् ती बी कागदावर. पंधरा ऑगस्टच्या मिस्साले मी रांगेत गेली. ओठाले चव लागली नाही.

इथली खबर सांगते. ताराचंद ड्रायवर सप्टेंबरात गेला. छाती कोळशानं भरली होती. विश्वनाथभाऊनं स्वतःसाठी एक जागा पाहून ठेवली होती, भिंतीजवळ, कडूनिंबाखाली. पावलं मोजून पाहिली होती, म्हणत, “इथे उन्हाळ्यात सावली पडते.” ती जागा रिकामीच होती, तिथं ताराचंदले पुरलं. त्याची बायको मले म्हणते, चांगली जागा भेटली. मी हो म्हटलं.

मागच्या बाकावर आता वाचन होत नाही. मी एकदा पुस्तक घेऊन बसली. माहं वाचणं अडखळत जाते. दोन पानं झाली का भाजीवाली म्हणे, राहू दे वं गोपिका, मले गिऱ्हाईक हाय. कपाट उघडते, धूळ झटकते, बंद करते.

दोन तारखेले मृतांचा दिवस होता. सगळे आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात. नावं वाचाची असतात, ती यादी यंदा माह्याकडं दिली. तुमच्या यजमानाचं नाव मी लिहिलं, ‘योसेफ विश्वनाथ साल्पेकर’. वाचलं. मेणबत्ती लावाले जागा नव्हती. हातात धरून उभी राहिली, मेण बोटावर आलं तवा ताराचंदच्या मातीत खोचून दिली.

प्रार्थनेत रोज एक जागा येते, दुसऱ्याले माफ करण्याची. सगळे म्हणत पुढं जातात, मी तिथं थांबते. तुमचं नाव मनात येते. अजून तोंडातून निघत नाही. निघन तवा कळवीन.

एक विचारते. तुम्ही लिहिलं, राग आला म्हणून केलं. मी मोप राग पाहिला हाय, ताई. माह्या नवऱ्याचा पाहिला. रागात माणूस वस्तू फेकते, कागद फाडते. चौघडी करून छातीवर ठेवत नाही, वर तुळस ठेवत नाही. एकेचाळीस वर्सं संग राहिलेल्या बाईनं नुसत्या रागानं हे केलं, असं मले वाटत नाही. खरं काय होतं?

गोपिका


महाल
२० नोव्हेंबर

गोपिकाबाई,

माफीची घाई करू नका. नाही जमली तरी चालेल.

तुमचा प्रश्न दहा दिवस जवळ ठेवला. मधुकररावांनी दोनदा विचारलं, उत्तर टाकायचं आहे का.

रागाचं खोटं नाही. पण तो नंतर आला. कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा राग नव्हता. तेव्हा मला देव आठवला नाही, धर्म आठवला नाही, पुष्कर, नणंद, शेजारपाजार, कोणी आठवलं नाही. एवढंच डोळ्यांपुढे आलं, की हे तिकडे कोराडी रस्त्यावर मातीत राहतील, आणि मी गेले की मला गंगाबाई घाटावर नेतील. ते एकीकडे आणि मी दुसरीकडे. पुन्हा भेटायची कुठे काही सोय असलीच, तर तिथेही ते तुमच्या बाजूला आणि मी माझ्या.

मी तो कागद तिसऱ्यांदाही वाचला होता, हे तुम्हाला मागे लिहिलं नाही. त्यात माझ्याबद्दल काही आहे का ते शोधत होते. यमुनेलाही पुढे जवळ जागा द्यावी, किंवा तिला विचारावं, निदान तिची इच्छा असल्यास, असं काही. हेडक्लार्क माणूस. कचेरीत कोणाची रजा मंजूर करायची तर मागच्यापुढच्या सगळ्या शक्यता लिहून ठेवायचे. या कागदात त्यांनी एकाच माणसाची जागा मागितली होती.

म्हणून मी त्यांना माझ्याकडे ठेवून घेतलं. त्यांच्या इच्छेविरुद्ध, जाळून. तुम्हाला याला पाप म्हणायचं असेल तर म्हणा. मला त्या दिवशी दुसरा उपाय सुचला नाही, आणि आज विचार केला तरी सुचत नाही.

पुढच्या वर्षीही त्यांचं नाव यादीत लिहा. त्यांनी घेतलं होतं तेच लिहा. माझं कुठे लिहू नका.

गेल्या रविवारी मी पुष्करला जवळ बसवून सांगितलं, माझ्याही अस्थी रामटेकलाच सोड, बाबांच्या सोडल्या त्याच पायरीवरून. तो हो म्हणाला. माझ्या पाया पडला. त्याला वाटतं, आई फार धार्मिक आहे.

यमुना